अकराव्या दिवशीचं ऊन

नवेगाव बांधच्या शाळेत बदली झाल्यापासून पावसाळ्यात माझे कपडे वाळतच नाहीत. ओलसरच इस्त्रीवाल्याकडे नेतो. तो फारसा बोलत नाही. कोळशाची इस्त्री दाबतो आणि वाफेआडून नुसती मान हलवतो. सलग दहा दिवस ऊन दिसलं नाही, तेव्हा मी वैतागून विचारलं, "तुम्हाला या आभाळाचा कंटाळा येत नाही?"

"कायले येईन, गुरुजी? धानाले पानी नाही पायजे का?"

मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. एकाच बाहीची इस्त्री झालेला माझा शर्ट टेबलावर टाकून तो रस्त्यात स्टुलावर बसला होता, डोळे मिटून, तोंड वर करून.

"माझा शर्ट?"

"थांबा जरा," तो डोळे न उघडता म्हणाला. "आज मी सुकून राहिलो."