मुठीत अडलेलं बोंड

नेटवाल्याशी भांडायचं ठरलं तेव्हा सगळ्यात मोठा आवाज माझा होता, आणि सगळ्यात मोठी चूकही माझीच. रागावर माझा ताबा कधीच नव्हता. माझ्याशी वाद घालायला लोक घरून पाणी पिऊन येतात, असं माझी बायको म्हणते.

गुलाबी बोंडअळीनं लागोपाठ दोन वर्षं कपाशी खाल्ली, तेव्हाची गोष्ट. अळी लागणार नाही म्हणून बीटी लावायची, आणि बोंड फोडून बघावं तर अळी आत पाहुणीसारखी बसलेली. माझा धाकटा भाऊ शेवटी सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला गेला. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्याची बायकोही तशीच. मूकबधिरांच्या शाळेत दोघं बरोबर होती. ती इथं धामणगाव बढ्यालाच राहिली, माझ्या बरोबरीनं शेत बघायची आणि रोज संध्याकाळी फोनवर नवऱ्याशी हातांनी बोलायची. आमच्या घरात मोबाइलला धड रेंज नव्हती, म्हणून खास त्या बोलण्यासाठी आम्ही केबलवाल्याचं, म्हणजे याच नेटवाल्याचं, नेट घेतलं होतं.

मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर भावजय पदर पुढं ओढते आणि भासराही तिच्याकडे मान वर करून बघत नाही. ती ओट्यावर फोन घेऊन बसली की मी चपला घालून बाहेर पडायचो. लहानपणी भावाशी बोलायला आम्ही दोघांनी चार खुणा केल्या होत्या, माझं तेवढ्यावर भागायचं. पण जिचं सगळं बोलणं हातांत, तिच्या हातांकडे ती लग्न होऊन आल्यापासून तेरा वर्षं पाहिलंच नाही, म्हणजे तिचं एक वाक्यही मी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, मी रीत पाळतोय. तिची भाषा येत होती माझ्या बायकोला. दोघी जावांचं चुलीपाशी तासन्‌तास चालायचं.

भाऊ गेला त्याच्या पुढच्या वर्षी नेटवाल्यानं नवा नियम काढला. ठरलेला डेटा संपला की स्पीड खाली. आणि संध्याकाळी तर डेटा शिल्लक असला तरी खाली. अर्ध्या गावात बोंबाबोंब झाली. कोणाचे फॉर्म अडकले, शिवणकाम करणाऱ्या चाचांना ब्लाउजचे नमुने उघडेनात. बसस्टँडवर आम्ही जमलो आणि मी अक्कल पाजळली. कापूस विकायला नेताना आम्ही घरून तोललेलं एक पोतं बरोबर ठेवतो आणि व्यापाऱ्याचा काटा आधी त्यावर तपासतो. मी म्हणालो, "नेटचा बी काटा तपासू. आठ दिवस दर घंट्याले स्पीड मोजा अन् वहीत लिहा. मंग पाहू कसा नाही म्हणते तो."

लोकांनी इमानदारीनं मोजलं. धाकटीनं, म्हणजे भावाच्या बायकोनं, सगळ्यांत जास्त मोजलं, कारण निरोप भासऱ्याचा होता. स्पीड मोजायलाही डेटाच लागतो, हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आठव्या दिवशी अर्ध्या गावाचा डेटा संपला आणि महिना संपायला अजून पंधरवडा होता. काटा तपासायच्या नादात आम्ही पोतंच रिकामं केलं होतं.

आधी संध्याकाळचा फोन अडखळत का होईना चालायचा; त्या संध्याकाळी मात्र धाकटी ओट्यावर फोन हातात घेऊन नुसती बसली होती. बायको मला म्हणाली, "पाहा आता तुमची हुशारी." मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पन्नासेक माणसं नेटवाल्याच्या ऑफिसात घुसलो. वह्या त्याच्या टेबलावर आपटल्या. तो गावचाच, कंपनीचं काम घेतलेला, घाबरला नाही. म्हणाला, "बोलणं कुठी बंद केलं हो? मेसेज जाते, आवाज जाते. अजून काय पाहिजे?"

"तुमी घरी बायकोशी चिठ्ठ्या लिहून बोलता काय, भाऊ?" गर्दीतून माझ्या बायकोनं विचारलं. धाकटी तिच्या शेजारी उभी होती. बायको म्हणाली, "तुमच्या ऑफिसचं नेट आमच्यावाणी करा. दोनच मिनिटं. अन् डोळ्यानं पाहा."

त्यानं खांदे उडवून कॉम्प्युटरवर स्पीड खाली आणला. सुरतेत भावाची जेवणाची सुट्टी होती. धाकटीनं फोन ऑफिसच्या नेटला जोडला आणि त्याच टेबलावर वह्यांना टेकून उभा केला.

भाऊ दिसला, पण त्याचे हात चौकोनी तुकड्यांत फुटत होते. तिनं काहीतरी सांगितलं. त्यानं मान हलवली, कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. पडद्याच्या कोपऱ्यात तिचं चित्र नीट दिसत होतं, आणि मी पहिल्यांदा तिच्या हातांकडे पाहिलं. तिनं मूठ मिटली, मग बोटं एकेक करून बाहेरच्या बाजूला उलगडली. एवढं मलाही कळलं. बोंड फुटत होतं. कपाशी या वर्षी वाचली, हे ती नवऱ्याला सांगत होती. तिकडं त्यानंही ते विचारायला मूठ मिटली, आणि चित्र तिथंच थांबलं. त्याची मिटलेली मूठ टेबलावर अडून राहिली. ती उघडेचना.

नेटवाल्यानं गुपचूप बटण दाबलं. मूठ उघडली आणि दोघं भराभरा बोलायला लागले. भुवया, गाल, खांदे, सगळं बोलत होतं. मी थक्क झालो. तेरा वर्षं माझ्या घरात एवढं बोलणं चाललं होतं! पन्नास भांडखोर माणसं श्वास रोखून उभी होती. आवाज केला तर त्या दोघांच्या बोलण्यात खंड पडेल, असं वाटत होतं सगळ्यांना. चाचांनी तर दारात बोलणाऱ्या एकाला गप्प केलं.

फोन संपल्यावर नेटवाला खाली बघून म्हणाला, "वहिनी, तुमचं नेट मी आजपासून मोकळं करतो. एवढं माह्या हातात हाय."

माझ्या जिवात जीव आला. माझी चूक धुतली जात होती. बायकोनं तिला हातांनी सांगितलं. धाकटीनं त्या वह्यांच्या ढिगावर हात ठेवला, मग सगळ्यांकडे फिरवला.

"ती म्हणते, मले एकटीले नको. सगळ्यायचं करा," बायकोनं सांगितलं.

"अन् तवलोक?" तोवर काय, असं नेटवाल्यानं विचारलं.

"तवलोक थांबीन म्हणते."

नेटवाल्यानं आमच्यासमोरच कंपनीला फोन लावला आणि आमच्यापेक्षा जास्त भांडला. डेटाची मर्यादा गेली नाही, थोडी वाढली. संध्याकाळची अडवणूक मात्र पुढच्या महिन्यापासून बंद झाली. तोवरचा पंधरवडा ती रोज त्याच वेळी ओट्यावर येऊन बसायची, फोनशिवाय. मी आतून बघायचो आणि मला माझीच लाज वाटायची.

पहिल्या तारखेला तिनं फोन लावला तेव्हा मी चपला घातल्या नाहीत. ओट्यावर गेलो आणि तिच्यापासून दोन हात अंतरावर बसलो. तिनं पदर ओढला, थबकली, आणि फोन माझ्याकडे वळवला. मी भावाला मूठ दाखवली आणि उघडली. तो हसत सुटला. काहीतरी चुकलं होतं.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं पदर कानामागं सारला, आपली मूठ माझ्यासमोर धरली आणि हळूहळू, एकेक बोट करत, मला कळेपर्यंत उघडून दाखवली.