मिसळलेली वाळू

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत ओतकामाचे साचे करणारे मोल्डर होते आणि उरलेल्या वेळात संघटनेचं काम करायचे. वाटून शिल्लक राहिलेली पत्रकं आमच्या फडताळात अंथरलेली असायची. मागच्या कोऱ्या बाजूला मी गणितं करायची, पुढच्या बाजूला पोह्यांची बशी ठेवायची. पत्रक कशाबद्दलही असलं, पिण्याच्या पाण्याबद्दल किंवा हातमोज्यांबद्दल, तरी शेवटची मागणी ठरलेली असे. प्रत्येक कामगाराला महिन्याचा पगार. तासावर माणूस ठेवणं म्हणजे त्याला भाड्याच्या यंत्रासारखं वापरणं. चालू आहे तोवर भाडं, बंद पडलं की ढकला बाजूला. बाराखडी नीट यायच्या आधी हे मला तोंडपाठ होतं. आजही ते मला शंभर टक्के खरं वाटतं. फक्त पूर्वी ते म्हणताना कानशिलं तापायची, आता पाढा म्हटल्यासारखं होतं.

बीएची शेवटची परीक्षा झाली आणि वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द राहिला, ‘व्हय’. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द तेवढा उरतो. भाकरी हवी का? व्हय. नको का? व्हय. ज्या माणसाचं भाषण गेटवर शिफ्ट सुटल्यावरही लोक उभं राहून ऐकायचे, त्याच्या तोंडून दिवसभर तेवढंच यायचं. आई त्यांच्याजवळ थांबली आणि मी फाउंड्रीत गेले. वडिलांच्या नाही, शेजारच्या गल्लीतल्या. कोअर शॉपमध्ये, बायकांत, तासावर.

आमच्याकडे पंप ओतत. पंपाच्या आत जिथे पोकळी हवी तिथे लोखंड ओतण्याआधी साच्यात वाळूचा एक आकार बसवतात. तो कोअर. आम्ही तो करायचो. मिक्सरमध्ये वाळूत केमिकल मिसळायचं, ती घमेल्यात काढायची, पेट्यांमध्ये हातानं दाबून भरायची. केमिकल पडलं की वाळूला थांबणं माहीत नसतं. थोड्या वेळात ती दगड होते, मग पेटीत असो नाहीतर घमेल्यात.

आणि आमच्याकडे लाईट जायची. भट्टीला आणि ऑफिसला जनरेटर होता, आम्हाला नव्हता. लाईट गेली की सुपरवायझर म्हणायचा, “तास बंद,” आणि आम्ही एकेक करून हजेरीच्या मशीनला तोंड दाखवायचो. मशीनला बॅटरी होती, आमच्या पंख्याला नव्हती. तिथून लाईट येईपर्यंतचा वेळ आमचा, म्हणजे कुणाचाच नाही. पण घमेल्यात मिसळलेली वाळू असायची. सगळ्या बायका तोंड दाखवून परत आत यायच्या, अंधुक उजेडात ती वाळू पेट्यांत भरून संपवायच्या आणि मगच बाहेर गुलमोहराखाली जाऊन बसायच्या. फुकट. कुणी सांगितलेलं नसताना.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पेटलेच. घरी जाऊन अर्ध्या पानाचं पत्रक लिहिलं. तास बंद तर हात बंद. झेरॉक्स काढल्या आणि दुपारी एकेकीच्या डब्याखाली सरकवल्या. आक्का, म्हणजे आमच्यातली सगळ्यांत जुनी बाई, सगळे तिला आक्काच म्हणत, तिनं तो कागद लांब धरून वाचला आणि त्यात लोणच्याची फोड गुंडाळली.

“अक्षर चांगलं हाय तुझं,” ती म्हणाली.

“आक्का, मी चेष्टा करत नाही. तुम्ही त्यांची वाळू फुकट का वाचवता?”

“त्यांची कुठली? म्या कालवलीया ती. आन् वाळूला काय ठावं लाईट गेली त्ये?”

“दगड होऊ दे की एकदा. मग कळेल त्यांना.”

“व्हय, आन् मग छिन्नी घिऊन घमेली कोण फोडणार? तुझा बा?” म्हणाली आणि लगेच तिला माझा बा आठवला. तिनं डब्यातली अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकली. “खा. लई बोलतीस.”

त्यानंतर लाईट गेली की मी एकटी बाहेर जाऊन बसायची. बाकीच्या आत. आल्या की आक्का म्हणायची, “सरका गं, पुढारी बसल्यात,” आणि सगळ्या हसायच्या. मला राग यायचा. तेव्हा यायचा.

पावसाळ्याच्या शेवटी जुना सुपरवायझर सोडून गेला. साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. समोर खुर्ची होती तर बस म्हणाला. “तू शिकलेली आहेस. कोअर शॉप बघ. महिन्याचा पगार, स्टाफमध्ये. सोमवारची सुट्टीही पगारी. नको असेल तर तासावर आहेसच, माझी हरकत नाही. उद्या सांग.”

म्हणजे वडिलांची शेवटची मागणी, आयती, माझ्या एकटीपुरती मंजूर झाली होती. बदल्यात ‘तास बंद’ मी म्हणायचं होतं.

रात्री जेवण भरवताना मी वडिलांना विचारलं, “पगार घेऊ?”

“व्हय.”

“का तासावरच राहू?”

“व्हय.”

आई म्हणाली, “त्यांना काय विचारतीस? फिजिओथेरपीवाला परवापास्नं यायचा थांबलाय, त्याला विचार.” तासावरचे पैसे लाईटच्या मर्जीनं यायचे, आणि त्या महिन्यात लाईट रोजच जात होती. फिजिओथेरपी थांबली की वडिलांचा पाय आखडत जाईल, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. मला वाटलं होतं अशा वेळी आतून काहीतरी ढवळून येईल. काही आलं नाही. मी खरकटी ताटली मोरीत ठेवली आणि ठरलं.

सकाळी वडापच्या जीपमध्येच मी बायकांना सांगितलं. आणि हेही सांगितलं की मी घमेली रिकामी झाल्याशिवाय तास बंद करणार नाही.

“घे की,” आक्का म्हणाली. “आम्हाला कुणी पगार दिला असता तर आम्ही काय न्हाय म्हटलो असतो?” दुसरी म्हणाली, “आता मॅडम म्हणाया लागतंय बघा.” जीपमध्ये बसलेला एक पावणा उगीचच म्हणाला, “मग पेढं कुठं हाईत?” सगळ्या हसल्या. मीही.

काही दिवस मी शब्द पाळला. लाईट जायची, बायका वाळू संपवायच्या, मग मी म्हणायची, “तास बंद.” जास्तीचा वेळ म्हणजे वाळू भरायला लागायचा तेवढाच. पुढाऱ्यानं दिलेलं पहिलं आश्वासन पुरं झालं होतं, आणि आक्कानं मला पुढारी म्हणणं सोडलं होतं.

मग साहेब आले. आवाज चढवला नाही. “लाईट गेलेली वेळ आणि तू तास बंद केलेली वेळ जुळत नाही. दया तू करतेस, पैसे मी देतो. हे असं चालणार असेल तर तू तासावरच बरी. उद्यापासून बघू.”

मला पत्रकातलं सगळं येत होतं. कामाचा वेळ म्हणजे काय, तो कोण ठरवतं, त्यावर वडिलांनी गेटवर काय काय म्हटलं होतं. मी म्हणाले, “बरं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. मिक्सर नुकताच रिकामा केला होता. सगळी घमेली भरलेली. मी म्हणाले, “तास बंद.”

आवाज माझाच होता, स्वच्छ होता.

बायका मशीनपाशी आल्या. एकेकीनं तोंड दाखवलं. आणि परत आत न जाता त्या सरळ बाहेर गेल्या. कुणी कुणाला खुणावलं नाही. आक्का सगळ्यांत शेवटी होती. तिनं हाताची वाळू घमेल्याच्या काठावर झाडली, पदराला हात पुसले.

“आक्का, वाळू,” मी म्हणाले.

“तास बंद तर हात बंद, मॅडम,” ती म्हणाली. चेष्टेच्या सुरात नाही, रागानंही नाही. दिलेलं काम समजलं असं सांगावं तसं. “तुमच्याच कागदावर हाय.”

मी दारात उभी राहिले. त्या गुलमोहराखाली ओळीनं बसल्या, एकीनं तंबाखूची मिसरी काढली. जे मी मागितलं होतं ते इतकं बरोबर, इतकं एकजुटीनं घडत होतं की वडील असते, म्हणजे बोलते असते, तर त्यांनी त्यावर भाषण केलं असतं. आणि घमेल्यांतली वाळू आता माझ्या नावावर जाणार होती.

मी ओढणी कमरेला खोचली आणि भरायला लागले. एक घमेलं, मग दुसरं. पगारी माणसाला तास नसतो, त्यामुळे माझा कुठे बंद होणार होता? वाळू बोटांखाली घट्ट होत चालली होती. बाहेरून कुणीतरी ओरडलं, “मॅडम, कोपरं दाबा की. पगार खाऊन हात मऊ झालं व्हय?” हसणं ऐकू आलं. मी कोपरे दाबले. तिसऱ्या घमेल्यात हात घातला तर तो आत गेला नाही. बाकीची मी नुसती बघत उभी राहिले.

लाईट आली. मी म्हणाले, “तास चालू.” त्या आल्या, मशीनला तोंड दाखवलं. आक्कानं मी भरलेल्या पेट्या एकेक करून उघडून पाहिल्या, दोन खराब म्हणून बाजूला काढल्या. मग कोपऱ्यातून छिन्नी-हातोडा आणला, दगड झालेलं घमेलं उलटं केलं आणि फोडायला बसली. आता तिचा तास चालू होता. मी दुसरी छिन्नी आणली. तिनं बसायला जागा केली नाही, म्हणून मी पलीकडचं घमेलं घेतलं.

घरी फिजिओथेरपीवाला आलेला होता. वडिलांचा पाय गुडघ्यात वाकवत, सरळ करत होता. तो गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं, बाबा, आज आमच्या बायकांनी हात बंद ठेवले. सगळ्यांनी. एकीनंही वाळूला हात लावला नाही.

“व्हय,” ते म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते झटक्यापासून कायमच असतं. तास बंद कुणी केला ते मी सांगितलं नाही.