टँकरवाल्याची डॉक्टरीण

शहर पैठण रस्त्यानं वाढत चाललं होतं, पण आमच्या नव्या वसाहतीत नळ नव्हते. त्या दुष्काळात दर तिसऱ्या दिवशी एक टँकरवाला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. डोक्याला लाल पटका, आणि पाणी सोडताना पाइपशी गप्पा मारायची सवय.

एकदा तो आला तेव्हा माझे वडील फाटकात थिजून उभे होते. पार्किन्सन्समुळं त्यांचे पाय असे अचानक जमिनीला चिकटायचे. मी एका हातानं त्यांना ओढत होतो, दुसऱ्या हातानं मोबाइलवर उपाय शोधत होतो. त्यात एका व्हिडिओत एकजण ठासून सांगत होता, "गोळ्या सोडा, आमचं चूर्ण घ्या!"

"बंद करा त्याला," टँकरवाला म्हणाला. "माझ्या मायला बी हाच आजार हाय. जो औषध इकतो, त्याचं ऐकायचं नाय. मेंदूची एक डॉक्टरीण लोकांच्या सवालांना फोनवर जवाब लिव्हती. मधूनच म्हणती, 'हे मला माहीत नाही, तुमच्या डॉक्टरला विचारा.' म्हणून तर तिच्यावर लई भरोसा!"

त्यानं पाणी सुरू असलेला पाइप वडिलांच्या पायापुढं आडवा टाकला आणि त्यांचा दंड धरला. "ओढू नका त्यायला. पायापुढं काहीतरी आडवं टाकायचं, असं तिनंच लिव्हलंय. आबा, ह्याच्यावरून टांग टाका."

वडिलांनी पाय उचलला आणि सहज पलीकडं गेले. माझे डोळे भरून आले. कित्येक महिने नुसते पुटपुटणारे वडील मात्र वळून टँकरवाल्यावर कडाडले, "अरे गाढवा, पाणी वाया चाललंय!"

टँकरवाला खूश होऊन म्हणाला, "घ्या, आवाज बी सुटला!"