गळा दाटायलाय

सुईला मी जन्मभर भ्यायले. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला नर्सबाई घरी आल्या. त्यांनी ओला कापूस दंडाला लावला आणि त्या गार कापसानंच मी धाडकन आडवी झाले. सुई अजून पेटीतच. डोळे उघडले तर सगळ्या जावा तोंडात पदर कोंबून हसत होत्या. एवढी थोराड घोडी, तव्याचा चटका बसला तरी हूं न म्हणणारी, आणि कापसाला भिऊन बेशुद्ध! पुढं कापूस वेचायला गेलं की रानातल्या बाया ओरडायच्या, "जपून गं, कापूस हाय!" त्या बावळटीनं माझं नाक असं कापलं की म्हातारी झाले तरी ते काही भरून आलं नाही.

त्यामुळं कोरोनाची लस घ्यायला गावच्या शाळेत गेले तेव्हा ठरवूनच गेले होते, आज जीव गेला तरी चूं करायचं नाही. सोबत सून होती. तिच्या वयाच्या लोकांचा नंबर अजून यायचा होता. ती आली होती मला धरायला, मी पडले तर. सुई टोचली. मी ऐटीत म्हणाले, "झालं व्हय? मच्छर याच्यापेक्षा जोरात चावतं." नर्सबाई हसल्या आणि शेजारच्या वर्गात अर्धा तास बसायला सांगितलं.

पोरांच्या बाकावर गुडघे मुडपून बसले. आधी तळहात खाजायला लागले. मग कानाच्या पाळ्या तापल्या. मग पोटावर, पाठीवर गांधी उठल्यासारखं वाटलं. मी मनात म्हटलं, आला, कापूस आला! गप बस भवाने, सगळा गाव बघायलाय. पदराखाली हात घालून गुपचूप खाजवत राहिले. ओठ जड झाला, दुसऱ्याच कुणाचा तरी आणून चिकटवल्यासारखा. मग आवंढा गिळायला गेले तर तो खाली उतरेना.

तेव्हा कुठं मी सुनेला म्हणाले, "गळा दाटायलाय."

पुढच्या बाकावरची शेजारीण गर्रकन वळली. "दाटंल न्हाई तर काय! सुनेनं हाताला धरून आणलं. माया भरून आली म्हातारीला!"

सगळा वर्ग खदखदला. सूनही लाजून हसली. "घरी कवा न्हाई दाटला ओ आत्याबाई, आज बरा दाटला!"

मला सांगायचं होतं, अगं तसा नाही, खरा दाटला. आतून कुणीतरी मूठ आवळावी तसा. पण शब्द निघाला तो नुसता घरघरीचा. त्यांची तोंडं हसताना दिसत होती, आवाज मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखा. फळ्यावरची अक्षरं विरघळायला लागली. ह्या बाया अशाच हसत राहतील आणि मी ह्या बाकावर बसल्या बसल्या मरेन, कुणाच्या ध्यानातही येणार नाही. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

मला वाचवलं ते माझ्या वाईट खोडीनं. लग्न होऊन आल्यापासून सुनेनं मला टोमणा मारला आणि मी उलटा दिला नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. ती उत्तराची वाट बघत होती. उत्तर आलं नाही. तिचं हसू एकदम मावळलं.

"सिस्टर! आत्याबाई बोलंनात ओ!"

नर्सबाई धावत आल्या. माझा ओठ बघून त्यांचाच चेहरा उतरला. मला सतरंजीवर आडवं केलं, पाय उचलून बाकावर ठेवले आणि मांडीत दुसरी सुई दिली. द्यायच्या आधी बाटलीवरचं नाव त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचलं. बहुतेक त्यांनीही ती सुई पहिल्यांदाच काढली असावी. "आजी, माझ्याकडं बघा. डोळे मिटू नका." काळीज उधळलेल्या बैलासारखं पळत होतं. सून माझे तळपाय घट्ट धरून रडत होती. मग हळूहळू छातीत वारा शिरला. थोडासा. मग आणखी थोडा.

गाडीतून सेलूच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दिवसभर आणि रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी म्हणाले, "आजी, ही भीती नव्हती. तुमच्या अंगाला ती लस सोसली नाही. लाखांत एखाद्याला होतं असं. ती लस तुम्ही आता पुन्हा घ्यायची नाही. घरच्यांनी मात्र जरूर घ्यावी. आणि तो अर्धा तास बसवतात तो याच्यासाठीच."

थोड्या दिवसांनी लसीसाठी सुनेचा नंबर आला. गल्लीत कुजबुज सुरू झाली. शेजारीण तर दारात येऊन म्हणाली, "एक मरता मरता वाचली, आता हिला कशाला पाठवायला?" मी म्हणाले, "ती जाणार. मी पण सोबत जाणार."

सुई टोचून ती वर्गात येऊन बसली. मी तिच्यासमोर, तिच्या ओठांवर नजर लावून. ती गप्प बसली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला.

"बोल."

"काय बोलू ओ आत्याबाई?"

"काहीबी. भांड माझ्याशी."

"हितं? लोकांदेखत?"

"हितंच. मोठ्यानं."

तिनं इकडंतिकडं बघितलं, पदर सावरला आणि सुरू झाली. पहिल्या संक्रांतीला मी तिच्या माहेरच्यांना काय बोलले होते तिथपासून. एकेक गोष्ट कशी तारखेनिशी जपून ठेवलेली! बाया कान टवकारून ऐकत होत्या. मला त्यातला एक शब्द नीट कळत नव्हता. मी नुसता आवाज ऐकत होते. जाड झाला का, चिरका झाला का. मधेच ती थांबली, आवंढा गिळायला.

"थांबू नको गं," मी तिचा हात धरला. "पुढं काय म्हणाले मी तुझ्या आईला? बोल ना, माय."