कापसासाठी बांधलेली गुरं

रत्नागिरीत कापूस होत नाही, एवढं सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणूनच आमच्या साहेबांना तो इथे लावून बघायचा होता. त्यांचं गणित सरळ होतं. आजूबाजूला कुठेही कपाशी नाही, म्हणजे बोंडअळी नाही. अळी नाही, म्हणजे फवारणी नाही. भात कापल्यावर जमिनीत उरलेली ओल आणि पऱ्यावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, बंधाऱ्याचं पाणी एवढ्यावर पीक काढायचं, पावसाआधी वेचणी संपवायची. मी तेव्हा त्या संशोधन केंद्रात सहायक होते. झाडांची उंची घेणं, सापळ्यातले पतंग मोजणं, नोंदी टाइप करणं हे माझं काम. प्रयोग शेतकऱ्याच्या जमिनीत करायचा ठरला, तेव्हा जमीन शोधणंही माझ्याकडे आलं. मी माहेरचा कुणगा, म्हणजे भातशेतीचा तुकडा, सुचवला. पालीच्या आतल्या बाजूला आमचं गाव. भाऊ मुंबईत असतो, शेत वहिनीच करते.

एक अडचण होती. ती साहेबांना ठाऊक नव्हती, मला होती. आमच्याकडे भात घरात आलं की गुरं मोकळी सोडतात. दिवसभर ती कुणाच्याही शेतात चरतात, कुणी हटकत नाही, तिन्हीसांजेला आपापल्या गोठ्यात येतात. पावसाळाभर गवत कापून कंबर मोडलेल्या बायकांना तेवढीच उसंत. शेतात हिरवं काही उभं ठेवायचं तर एकतर कुंपण हवं, नाहीतर सगळ्या वाडीने गुरं बांधून ठेवायला हवीत. पहिल्या वर्षी कुंपणाची तरतूद नव्हती. “दुसऱ्या वर्षी बघू,” साहेब म्हणाले. वहिनीला सांगताना मी “दुसऱ्या वर्षी मिळेल” असं सांगितलं.

गावकीची बैठक देवळात झाली. वाडीत उरलेले पुरुष म्हणजे सातआठ म्हातारे. एक हंगाम गुरं बांधायची, पुढच्या वर्षी कुंपण येतंय, असं मी समजावलं. गावकीचा प्रमुख म्हणाला, “बांधू की. त्यात काय हाय?”

त्यात काय आहे ते बाहेर उभ्या असलेल्या बायकांना माहीत होतं. त्यांना मी विचारलं नाही. तशी पद्धत नाही, आणि मला होकार हवा होता.

बाहेर आल्यावर त्यांना एवढंच सांगितलं की परसात भेंडी लावू नका, भेंडीवर कपाशीची अळी पोसते. एक चुलती म्हणाली, “भेंडी पण नाय? मग खायचं काय गो, कापूस?” सगळ्या हसल्या. वहिनीही हसली.

त्या हंगामात पंधरा घरच्या बायकांनी डोक्यावरून गवत आणलं. आधी बांधावरचं, मग वरच्या कातळाच्या सड्यावरचं, शिमग्यापर्यंत तेही संपलं, मग पलीकडच्या डोंगरातलं. गोठ्यात दिवसभर बांधलेल्या गुरांचं शेण आणि पाणी वेगळंच. “चल गो कापूसवाले, भारा उचल,” असं वहिनीला म्हणायच्या. हे तिने मला आधी हसत सांगितलं, नंतर सांगायचंच सोडलं.

कापूस मात्र चांगला आला. बोंडं फुटली तेव्हा साहेब पाहुण्यांना घेऊन शेत दाखवायला आले. एकाने वहिनीला विचारलं, “ताई, राखणीला मजूर किती लागले?”

“मजूर कसले? घरच्या घरी केलं,” वहिनी म्हणाली.

पाहुणे खूश झाले. मी वही घेऊन तिच्या शेजारीच उभी होते. तोंड उघडता आलं असतं. उघडलं नाही.

पावसात मी कुंपणाचा विषय काढला. साहेबांनी माझीच नोंदवही पुढे ओढली.

“जनावरांनी केलेलं नुकसान किती?”

“काही नाही.”

“नोंद कुणाची?”

“माझी.”

“मग कुंपण कशासाठी मागायचं?”

गुरं वाडीने बांधून ठेवली म्हणून नुकसान नाही, हे मी सांगितलं. ते म्हणाले, “उत्तम. गावाचा सहभाग असाच राहू दे.” कागदापुरतं त्यांचं बरोबर होतं. नोंदीच्या तक्त्यात शेवटी ‘इतर माहिती’ची ओळ असे. दर आठवड्याला मी ती कोरी सोडली होती. भाऱ्यांबद्दल लिहायला तिथे जागा होती.

कुंपण येणार नाही हे वहिनीला मी पेरणी झाल्यावर कळवलं. आधी कळवलं असतं तर तिने पेरू दिलं नसतं.

उगवण मोजायला गेले तेव्हा कुणग्यात गुरं होती. ओळींच्या जागी खुंट उरले होते. त्यात वहिनीचीच गाय. वहिनी बांधावर बसून गवत कापायच्या दात्याला धार लावत होती.

“कुणी सोडली?”

“मीच. सगळ्यांच्या आधी मीच सोडली. दुसऱ्या कुणी सोडली असती तर भांडण झालं असतं. मला वाडीत राहायचंय, वन्सं.”

“मला फोन तरी करायचा.”

“तुम्ही केलात तो पेरल्यावर.”

मी उरलेली रोपं मोजली. गाय आड येत होती, तिला हाकललं नाही.

त्या वर्षीच्या अहवालात प्रयोग बंद पडण्याचं कारण ‘शेतकऱ्यांचा निरुत्साह’ असं दिलं आहे. शब्द साहेबांचे. टाइप मी केले. दुरुस्त करून त्यांच्यापुढे ठेवता आले असते. फार तर ते ओरडले असते. मी प्रत काढली आणि सहीला पाठवली.

पुढच्या गणपतीत माहेरी गेले. वाडीतल्या बायका खोबरं किसायला आल्या होत्या. तीच चुलती म्हणाली, “औंदा काय लावायचं म्हणतात हापिसवाले?”

“त्यांना इचार,” वहिनी मान वर न करता म्हणाली. “त्या हापिसच्याच.”

या वेळी कुणी हसलं नाही. दरवर्षी पुरुष जेवून उठले की आम्ही सगळ्या बायका स्वयंपाकघरात एकत्र बसतो. त्या दिवशी वहिनीने माझं पान बाहेर, पहिल्या पंगतीत मांडलं, पाहुण्यांचं मांडतात तसं. मी बसले आणि जेवले.