वेशीजवळच्या घराचा नंबर

शिरगणतीआधी घरांवर नंबर घालायचं काम त्या वर्षी आम्हा शाळामास्तरांच्या गळ्यात पडलं. निपाणीजवळच्या एका गावात मी गेरूचं डबडं घेऊन शिरलो आणि वेशीला लागून जे पहिलं खोपट दिसलं, त्याच्या दाराशेजारी भिंतीवर 'एक' हा नंबर काढला. तिथं एक विधवा एकटीच राहायची. पाटलांचं घर सतरावं आलं.

पाटील आडवे आले. "इदेनु, ह्ये काय, मास्तर? बेंदराच्या मिरवणुकीत पयला बैल आमचा, आन् नंबर सतरावा?"

"आप्पा, हा मान नव्हे. नुसती घराची ओळख. सतरा इथं एकापेक्षा मोठा नाही न् धाकटाही नाही."

"मग माझं चार बैल? त्येबी नुसती ओळखच?"

"ते मोजलेले. ते चारच."

मी कुणाकडून तरी काही खाल्लंय, अशा नजरेनं पाटील बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी विधवेच्या भिंतीवरचा 'एक' शेणानं सारवलेला. मी परत काढला, तो परत सारवला. असं तीनदा झालं. मी जात्याच संशयी. इथं पाणी मुरतंय आणि ते पाटलांच्याच अंगणात, हे मी ठरवून टाकलं. बिननंबराचं घर मोजणीतून सुटलं असतं तर जाब मला द्यावा लागला असता. तक्रार लिहून खिशात घातली आणि पाचव्या दिवशी सकाळीच तिच्या घरासमोरच्या देवळाआड उभा राहिलो.

शेणाचा गोळा घेऊन विधवाच बाहेर आली.

"आक्का, तुम्ही?"

"पिलेगाच्या साथीत असाच आकडा काढलता," ती हात न थांबवता म्हणाली. "पयला आमच्याच घरावर. मग मालकास्नी माळावरच्या झोपडीत न्हेलं. परत आलं न्हाईत."

मला माझीच लाज वाटली. खिशातला कागद तिथंच फाडला.

"आक्का, हा आकडा तसला नव्हं. हे घराचं नुसतं नाव समजा."

ती थांबली. "नाव? मग माझंच लिवा की."

गावात सगळे तिला 'वेशीवरची' म्हणत. नाव विचारलं तर तिला सांगायला वेळ लागला. मग इकडंतिकडं बघून हळूच सांगितलं. वहीत मी 'एक' हाच नंबर ठेवला आणि भिंतीवर गेरूनं तिचं नाव काढलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर 'नियमबाह्य' असा शेरा मारला.

पुढं कितीतरी दिवस जाता-येता मी त्या भिंतीकडं संशयानं बघायचो. भिंत ती दर आठवड्याला सारवायची, पण तेवढी जागा सोडून.