कपाट, किल्ली आणि मामाजी

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा निघाला तेव्हा तलाव वाटले गेले, जंगल वाटलं गेलं, खुर्च्या आणि साहेबही वाटले गेले. शिस्त मात्र सगळीच्या सगळी भंडाऱ्याच्या वाट्याला आली आणि ती माझ्या बायकोच्या थोरल्या मामांकडे राहायला गेली. त्यांना आम्ही सगळे मामाजी म्हणतो. तेव्हा ते एका सरकारी ऑफिसात कारकून होते. वाटणीत त्यांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट ट्रकमधून गोंदियाला गेलं आणि किल्ली मामाजींच्या खणातच राहिली. तिकडून पत्र यायचं, किल्ली पाठवावी. इकडून उत्तर जायचं की पावतीत फक्त कपाटाचा उल्लेख आहे, किल्लीचा नाही, सबब कपाट परत पाठवावं. उत्तर अर्थातच मामाजींनी लिहिलेलं असायचं. शेवटी वैतागून कोणीतरी कपाट फोडलं, तर आत टेबल पुसायचं फडकं निघालं. हा किस्सा मामाजी प्रत्येक लग्नात पंगतीला सांगतात, आणि शेवटी बोट वर करून म्हणतात, "जिथं कपाट, तिथंच किल्ली पायजे."

निवृत्त होऊन ते आमच्या साकोलीला आले त्याच सुमारास गावच्या वाचनालयाला कोणीतरी जुना कॉम्प्युटर देणगी दिला. नागपूरहून बसवायला आलेल्या माणसाने जवळच्या खुर्चीत कोण बसलंय ते पाहिलं आणि मामाजींना त्या मशीनचा अ‍ॅडमिन करून टाकलं. चिटणीस आणि मी, असे आणखी दोघे होतो, पण आम्ही नावाला. बाकी गावाला साधी खाती. मशीनवर काही मोठं करायचं, म्हणजे प्रिंटर जोडायचा किंवा घड्याळ बदलायचं, तर हुकमाच्या आधी 'सुडो' हा शब्द लिहून आपला पासवर्ड द्यावा लागतो. अ‍ॅडमिनच्या यादीत नसलेल्या माणसाने तो शब्द लिहिला, की मशीन इंग्रजीत सांगतं, तुमचं नाव यादीत नाही, या घटनेची तक्रार करण्यात येईल. जगभरचे लोक ही ओळ वाचून हसतात आणि पुढे जातात. मामाजी पुढे गेले नाहीत. तक्रार होते म्हणजे ती कुठेतरी पोचत असणार, असं म्हणून ते शोधायला लागले, आणि मशीनच्या पोटात ती नोंद सापडल्यापासून रोज सकाळी चष्मा पुसून वाचायला लागले. ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी ते स्वतः जायचे. रागवायचे नाहीत, फक्त खुलासा मागायचे. "करा, पण काहून केलं ते सांगा," एवढंच त्यांचं म्हणणं असे.

पासवर्ड टाकण्याचा विधी वेगळाच होता. मामाजींनी खुर्ची पुढे ओढली की खोलीतल्या सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. भिंतीवर जिल्ह्याचा जुना, वाटणीआधीचा अखंड नकाशा होता. साकोलीतल्या एका पिढीला आता गोंदियात गेलेली आमगाव आणि देवरी कुठे आहेत हे पक्कं ठाऊक आहे, ते शाळेमुळे नव्हे. त्यात मशीनची आतली बॅटरी गेलेली. रात्री वीज बंद केली की सकाळी घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असायचं, आणि तारीख चुकीची असली की एकही वेबसाइट उघडत नाही. म्हणून रोज सकाळी मामाजी यायचे, गाव भिंतीकडे वळायचं, मामाजी सुडो लिहून आजची तारीख घालायचे. थोडक्यात, साकोलीत आजचा दिवस मामाजींच्या परवानगीने उगवायचा. नवी बॅटरी चहाच्या पैशात येते. पण ती आणायचं कोणी मनावर घेतलं नाही, आणि का नाही ते सगळ्यांना माहीत होतं. मामी गेल्यापासून सकाळी मामाजींना जायला तेवढी एकच जागा होती.

एकदा मी त्यांना न विचारता प्रिंटर जोडला. यादीतल्या माणसाचा सुडोही त्या नोंदीत उतरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मला जेवायचं बोलावणं आलं. भाचजावई म्हणून पाट, भाजीवर भाजी, वरून तूप. मी विषय काढायला गेलो तर म्हणाले, "आधी जेवा, मंग खुलासा." जेवलो. मग पान देऊन त्यांनी खुलासा घेतला, आणि न्याय सगळ्यांना सारखा असावा म्हणून माझं नाव अ‍ॅडमिनच्या यादीतून काढलं. चिटणिसाने कधीच काही केलं नव्हतं. पण मग एकट्या जावयावर अन्याय नको, म्हणून त्याचंही काढलं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दोघांना नियम आणि आपल्याला सूट, हे काही त्यांच्या मनाला पटेना. सकाळी त्यांनी तारीख घातली आणि शांतपणे स्वतःचंही नाव यादीतून काढून टाकलं. लागेल तेव्हा परत घालून घेऊ, असा त्यांचा विचार.

परत घालायला अ‍ॅडमिन लागतो, हे त्यांच्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं. सुडो लिहिलं तर मशीनने त्यांनाच सांगितलं की तुमचं नाव यादीत नाही, तक्रार करण्यात येईल. मामाजी खुर्चीत बसूनच राहिले. पोरापोरींचे प्रवेशाचे फॉर्म अडकले, बोंबाबोंब झाली. अध्यक्ष येऊन म्हणाले की संध्याकाळपर्यंत चालू झालं नाही तर मशीन बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याच्या ताब्यात देऊ, मामाजींनी आता आराम करावा. आराम हा शब्द ऐकून मामाजींचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

मी मोबाइलवर शोधलं. अशा वेळी मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं, सुरू होताना दुरुस्तीचा पर्याय निवडायचा, आणि तिथून कोणाचंही नाव यादीत घालता येतं. मी खुर्चीत बसलो. मामाजी आपणहून उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्या बाजूला ते पहिल्यांदाच उभे होते.

"जवाईबापू," ते म्हणाले, "याच्यात तं गोंदिया अजून आपल्यातच हाय."

मी हो म्हटलं. तेवढ्यात दुरुस्तीचा पडदा उघडला आणि माझ्या लक्षात आलं, की मशीन पासवर्ड विचारतच नाही. जवळ बसणारा कोणीही येऊन मालक होऊ शकत होता. कुलूप दाराला होतं, भिंतच नव्हती.

"टाकला का पासवर्ड?" मामाजींनी भिंतीला विचारलं.

"टाकून राहिलो," मी म्हणालो, आणि उगीच बराच वेळ बटणं वाजवत बसलो. मग मामाजींचं नाव यादीत घातलं. त्यांनी तारीख घातली, फॉर्म सुटले, मशीन झेरॉक्सवाल्याकडे जायचं राहिलं. मामाजींनी त्याच आठवड्यात नवा नकाशा आणून लावला, आणि माझंही नाव यादीत परत घेतलं.

पुढे मामाजींचे गुडघे गेले. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे, तो न्यायला आला. निघायच्या दिवशी मामाजी काठी टेकत वाचनालयात आले आणि मला म्हणाले, "मी चाललो पुण्याले. माझं नाव काढा. कपाट साकोलीत अन् किल्ली पुण्यात, हे नाही चालत." मग पुन्हा भिंतीकडे वळले. त्या नव्या, निम्म्या नकाशासमोर त्यांची पाठ फार लहान दिसत होती. हुकूम एका ओळीचा होता. मी दुसरंच काहीतरी लिहिलं, बटणं वाजवली, आणि झालं म्हणून सांगितलं. आता बॅटरी नवी आहे, सकाळ आपोआप उगवते, आणि मामाजींचं नाव यादीत पहिलं आहे.

परवा त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, धानाचं झालं, मग त्यांनी सांगितलं की मुलाच्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग घालायला गेले होते. तिथे त्यांचं साधं खातं आहे. सुडो लिहिलं, मशीन म्हणालं, यादीत नाही, तक्रार करण्यात येईल. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी मुलाची वाट पाहत हॉलमध्ये बसतात. मुलगा येतो, बाबा औषध घेतलं का विचारतो आणि खोलीत जातो.

"आठ दिवस झाले," मामाजी म्हणाले. "तयारी करून बसलो मी. पण कोणी खुलासाच मांगून नाही राहिलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मामाजी, जेवण झालं का?"

"झालं."

"मंग आता सांगा," मी म्हणालो, "काहून केलं?"

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मामाजींनी घसा साफ केला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.